उतारवयातील वजन : जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांनी नोंदवावयाचा एक आकडा

महिन्यातील ठरलेल्या दिवशी खेड्यातील अंगणवाडीत मुलांची वजने घेतली जातात. आई शेतावर किंवा मजुरीवर गेली असेल तर मुलास घेऊन बहुधा आजीच येते. मूल काट्यावर बसते, सेविका आकडा वाचते, त्याची नोंद करते आणि वजन वाढलेले नसल्यास आहारासंबंधी चार गोष्टी आजीला समजावून सांगते. मूल कडेवर घेऊन आजी घरी परतते. त्या आजीचे स्वतःचे वजन किती, गतवर्षी ते किती होते आणि वर्षभरात ते घटले की काय, याची नोंद मात्र गावात कोठेही नसते.

यात सेविकेचा दोष नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा बालके आणि माता यांचे कुपोषण हाच देशापुढील तातडीचा प्रश्न होता. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानाचा भरही त्यांच्यावरच आहे. परंतु मधल्या काळात लोकसंख्येचे स्वरूप पालटले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. या वयोगटाच्या पोषणाचे चित्र २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी वार्धक्य-अभ्यासातून स्पष्ट झाले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने अन्य संस्थांच्या सहकार्याने केलेल्या या अभ्यासात साठीपुढील सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले, तर सुमारे २२ टक्के व्यक्तींचे ते प्रमाणापेक्षा अधिक आढळले. याचा अर्थ असा की, वृद्धांपैकी जवळजवळ निम्म्यांचे वजन एका ना एका बाजूने प्रमाणाबाहेर आहे.

हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी पाहावयाचे असतील, तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

दोन तालुके, दोन अंगे

२०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर तालुक्याची लोकसंख्या ३,९९,३०२ आणि आंबेगावची २,३५,९७२ होती. दोन्ही तालुक्यांत सुमारे एक पंचमांश लोक आदिवासी असून त्यांत महादेव कोळी समाज बहुसंख्य आहे, त्याखालोखाल ठाकर आहेत. पश्चिमेकडील डोंगराळ पट्टा १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतो. जुन्नरमधील ६५ आणि आंबेगावमधील ५६ गावे त्यात समाविष्ट आहेत. घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे.

भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, माळशेज या सह्याद्रीच्या कडेच्या भागात पाऊस भरपूर. परंतु तो चार महिन्यांत वाहून जातो. भात, नाचणी, वरई आणि खुरासणी ही येथील पिके. हिरडा वेचून विकणे हे उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी, चाई, करटोली यांसारख्या रानभाज्या घराघरांत शिजतात. पूर्वेकडे जावे तसा प्रदेश सपाट होतो. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या पाण्याने नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर या परिसरात टोमॅटो, कांदा, ऊस आणि द्राक्षे यांची शेती बहरली. घरी पैसा आला, कष्टाची कामे यंत्राकडे गेली आणि आहारात तेल-साखर वाढली.

साहजिकच पश्चिमेकडील वृद्धाची चिंता झिजत जाणाऱ्या शरीराची, तर पूर्वेकडील अनेक वृद्धांची चिंता वाढलेल्या पोटाची, मधुमेहाची व रक्तदाबाची असते. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे. तरुण पिढीचा मोठा भाग रोजगारासाठी बाहेर आहे. मुंबईतील कचेऱ्यांत घरचे जेवण वेळेवर पोहोचविणारे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतूनच गेलेले आहेत. चाकण व भोसरीच्या कारखान्यांतही येथील मुले काम करतात. मागे राहिलेल्या वृद्ध दांपत्याची, आणि त्यांतील एक निवर्तल्यावर उरलेल्या एकट्या जीवाची चूल कशी पेटते, हा या प्रश्नाचा गाभा होय.

वजन घटणे हा वार्धक्याचा धर्म नव्हे

'म्हातारपणी माणूस वाळायचाच' ही समजूत सर्वत्र रूढ आहे. तिच्यात सत्यांश अल्प आणि धोका अधिक आहे. वय वाढते तशी हालचाल कमी होते, त्यामुळे शरीराला उष्मांक काहीसे कमी लागतात, हे खरे. परंतु प्रथिने, चुना, लोह आणि जीवनसत्त्वे यांची गरज कमी होत नाही. प्रथिनांची गरज तर काहीशी वाढते. कारण खाल्लेल्या प्रथिनांपासून स्नायू घडविण्याची शरीराची क्षमता मंदावलेली असते.

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू क्षीण होऊ लागतात आणि साठीनंतर हा ऱ्हास वेग घेतो. त्यास वैद्यकशास्त्रात १९८९ पासून 'सार्कोपेनिया' ही संज्ञा आहे. स्नायू हे केवळ बळाचे साधन नसून आजारपणात शरीर ज्यावर जगते असे ते प्रथिनांचे कोठारही आहे. हे कोठार रिकामे झालेल्या वृद्धास साधा ताप आठवडाभर अंथरुणास खिळवितो. जखमा लवकर भरत नाहीत, तोल जातो, पडल्यावर खुब्याचे हाड मोडते आणि क्षयासारख्या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती उरत नाही. अन्नावाचून वाळणे आणि वयाने वाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली टाळता येते आणि वेळीच कळली तर भरूनही काढता येते.

याबाबत आजच्या वृद्ध पिढीची मनोधारणाही ध्यानात घेतली पाहिजे. आज सत्तरीत असलेली माणसे १९७२ च्या दुष्काळात ऐन तारुण्यात होती. रोजगार हमीच्या कामावरील खडी, मिलो आणि सुकडी ही त्यांच्या आठवणीत आहे. घासातला घास मुलांना देण्याची सवय या पिढीच्या अंगी मुरलेली आहे. भूक नाही, असे ती सहज म्हणते आणि ते खरे मानून घरातील माणसे पुढील ताट वाढतात.

काट्याची भाषा

वजन योग्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी शरीरभार निर्देशांक वापरतात. वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्यास उंचीच्या (मीटरमधील) वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. बेल्जियमचे गणितज्ञ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात हे गणित मांडले. प्रौढांमध्ये १८.५ पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे कमी वजन आणि २५ वा त्याहून अधिक म्हणजे जादा वजन, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. आशियाई लोकांत मधुमेहाचा धोका कमी वजनालाही संभवत असल्याने २३ पासूनच सावधगिरी बाळगावी, असेही तिने सुचविले आहे.

हे मोजमाप उपयुक्त असले तरी वृद्धांच्या बाबतीत ते दोन ठिकाणी फसवते.

पहिली फसगत उंचीची. मणक्यांतील चकत्या झिजून व पाठीला पोक येऊन उंची कमी होते. एखाद्या पुरुषाची तरुणपणीची उंची १६५ सेंटिमीटर आणि आजचे वजन ५० किलो आहे असे धरू. निर्देशांक १८.४ येतो, म्हणजे वजन कमी आहे. आता पाठ वाकल्यामुळे त्याची उंची १६० सेंटिमीटर भरली, तर त्याच वजनाला निर्देशांक १९.५ येईल आणि कागदावर तो मनुष्य सुदृढ ठरेल! यावर एक सोपा उपाय आहे. दोन्ही हात आडवे पसरले असता एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, ज्याला जुने लोक वाव म्हणत, ते तरुणपणीच्या उंचीच्या जवळपास असते. पाठ वाकलेल्या व्यक्तीच्या बाबतीत उंचीऐवजी ते मोजावे.

दुसरी फसगत अधिक महत्त्वाची आहे. १५० सेंटिमीटर उंचीच्या एका स्त्रीचे वजन गतवर्षी ४५ किलो होते. तिचा निर्देशांक २० होता. यंदा वजन ४२ किलो भरले. निर्देशांक १८.७ आला, म्हणजे अद्याप ती 'प्रमाणात' आहे. केवळ आजचा आकडा पाहणाऱ्यास चिंतेचे कारण दिसणार नाही. वस्तुतः वर्षभरात तिचे वजन जवळजवळ ७ टक्क्यांनी घटले आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते एक वर्ष या काळात वजन ५ टक्क्यांहून अधिक घटणे ही वैद्यकीय तपासणी आवश्यक असल्याची खूण मानली जाते. उलटपक्षी, आयुष्यभर सडपातळ राहिलेला व वजन स्थिर असलेला डोंगरातला एखादा वृद्ध निर्देशांकाने कमी भरला तरी तुलनेने कमी धोक्यात असू शकतो.

म्हणून उतारवयात आजच्या वजनापेक्षा वजनाची वाटचाल महत्त्वाची ठरते. टक्केवारीचा हिशेब ज्यांना अवघड वाटेल त्यांच्यासाठी तो सोप्या शब्दांत सांगता येईल : दर वीस किलोमागे एक किलो. चाळीस किलोच्या माणसाचे दोन किलो आणि साठ किलोच्या माणसाचे तीन किलो वर्षभरात आपोआप उतरले, तर दवाखान्यात जाण्यास विलंब करू नये.

आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींची जी माहिती भरून घेते, तिच्यात कमरेचा घेर मोजण्याची तरतूद आहे. क्षयरोगाच्या लक्षणांत 'वजन घटले आहे काय?' असा प्रश्नही विचारला जातो. प्रश्न योग्यच आहे. अडचण एवढीच की, मागचे वजन ठाऊक असल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

काटा नसेल तेथे

काट्याशिवायही काही खुणा ओळखता येतात. पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास स्नायू क्षीण झाले असण्याची शक्यता असते. शिंप्याच्या टेपने तो मोजता येतो. टेपही नसल्यास वृद्धाने स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या जुळवून पोटरीभोवती कडे करावे. पोटरी त्यात सैल बसून भोवती फट राहत असेल, तर ती इशाऱ्याची खूण समजावी. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागणे, चोळी वा सदरा सैल होणे, कवळी हिरडीवर न बसणे, हातांचा आधार घेतल्यावाचून बसलेल्या जागेवरून उठता न येणे, याही ओळखीच्या खुणा आहेत. मात्र पायांवर सूज असल्यास शरीरातील पाण्यामुळे वजन वाढल्याचा भास होतो आणि खरी झीज झाकली जाते, हे विसरू नये.

१९९० च्या दशकात तयार झालेली आणि जगभर वापरात असलेली वृद्धांच्या पोषणाची एक छोटी प्रश्नावली आहे. तिच्या संक्षिप्त रूपात सहाच बाबी पाहिल्या जातात. गेल्या तीन महिन्यांत खाणे कमी झाले काय, वजन घटले काय, माणूस घराबाहेर हिंडतो की अंथरुणाशीच असतो, या काळात आजार किंवा मोठा मानसिक आघात झाला काय, विस्मरण वा उदासीनता आहे काय, आणि शेवटी निर्देशांक किंवा पोटरीचा घेर. यांतील कोणतीही बाब शिक्षकास किंवा ग्रामपंचायत सदस्यास समजणार नाही अशी नाही.

वजन का घटते?

कारणे अनेक असून ती बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात. दात पडले की भाकरी, शेंगदाणे, कच्च्या भाज्या, मांस ही सर्व ताटातून जातात आणि चहा-पाव किंवा पातळ भात उरतो. तोंड कोरडे पडते, चव व वास मंदावतात. मिशरी आणि तंबाखू हिरड्या खराब करतात व भूक मारतात. मोतीबिंदूमुळे चुलीपाशी वावरणे कठीण होते. गुडघेदुखीमुळे पाणी, सरपण व बाजारहाट अवघड होते. काही औषधांनी अन्नावरची वासना जाते.

यांशिवाय क्षय, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचे विकार, कर्करोग, हृदय व मूत्रपिंड यांचे रोग हेही वजन घटण्यामागे असू शकतात. म्हणूनच वाळत चाललेल्या माणसास केवळ टॉनिकची बाटली आणून देणे उचित नव्हे. थुंकीची, रक्तातील साखरेची व हिमोग्लोबिनची तपासणी प्रथम झाली पाहिजे.

सामाजिक कारणे याहून कमी प्रबळ नाहीत. एकट्यासाठी स्वयंपाक करण्याचा उत्साह राहत नाही, सकाळचेच अन्न रात्री पुरविले जाते. जोडीदाराच्या निधनानंतरच्या काही महिन्यांत खाणे एकाएकी कमी होते. घरात सर्वांत शेवटी जेवण्याची स्त्रियांची रीत म्हातारपणीही सुटत नाही. एकादशी, चातुर्मास व श्रावणातील उपवास हा श्रद्धेचा विषय आहे. तो सोडण्यास सांगण्यापेक्षा उपवासाच्या दिवशी दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा व वरई पोटभर घ्यावी असे सांगणे अधिक फलदायी होते. आयुष्यभर मातीत राबलेल्या बोटांचे ठसे पुसट झाल्याने रास्त भाव दुकानातील यंत्रावर ते उमटत नाहीत आणि धान्यासाठी हेलपाटे पडतात, अशाही अडचणी असतात.

जादा वजनाची दुसरी बाजू

बागाईत पट्ट्यातील जादा वजनाचा प्रश्न निराळ्या काळजीने हाताळावा लागतो. वजन भरपूर असूनही स्नायू दुबळे असू शकतात. अशा व्यक्तीचा काट्यावरील आकडा समाधानकारक दिसतो, परंतु तिला ओटा चढताना आधार लागतो. मधुमेहाचे निदान झाल्यावर अनेक वृद्ध धास्तीने एकेक पदार्थ वर्ज्य करीत जातात. भात सोडला, फळे सोडली, दूधही सोडले आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही, तर चरबीबरोबर स्नायूही गळतात. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांवरून असे दिसते की, वृद्धापकाळात किंचित अधिक वजन तरुणपणाइतके घातक ठरत नाही, कमी वजन मात्र अधिक धोक्याचे ठरते. म्हणून सत्तरीच्या माणसाने वजन घटविणे आवश्यक असेल तर ते वैद्यकीय सल्ल्याने, सावकाश, आहारातील प्रथिने कायम ठेवून आणि रोजच्या चालण्याची व उठाबशीसारख्या हलक्या व्यायामाची जोड देऊन करावे.

ताटात काय असावे?

निरोगी वृद्धास दर किलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. ४५ किलो वजनाच्या व्यक्तीस ही गरज किमान ४५ ग्रॅम भरते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

आता प्रत्यक्ष ताटाचा हिशेब पाहू. दिवसभरात २०० ग्रॅम तांदळाचा भात आणि १५ ग्रॅम डाळीची पातळ आमटी एवढेच पोटात गेले, तर सुमारे १८ ते १९ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोट भरते, परंतु गरज निम्मीही भागत नाही. याच ताटात डाळ आणखी ३० ग्रॅम वाढवली की ७ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट घातले की साडेसात ग्रॅम, एका अंड्याने ६ ग्रॅम आणि एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधाने साडेसहा ग्रॅम प्रथिनांची भर पडते. बेरीज ४५ ग्रॅमपर्यंत पोहोचते. अंडे न खाणाऱ्यांनी तेवढीच भर डाळ, हरभरा, ताक वा दही यांनी घालावी. यांतील एकही पदार्थ परगावाहून मागवावा लागत नाही.

दातांच्या अडचणीवर उपाय या भागाच्या स्वयंपाकातच आहेत. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे रश्शात शिजून मऊ होतात. हुलग्याचे पिठले भातात कालवता येते. नाचणीची आंबील ताकात केली तर प्रथिने व चुना दोन्ही मिळतात. नाचणीतील चुन्याचे प्रमाण दर १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमच्या आसपास असून तांदूळ-गव्हाच्या ते कित्येक पट आहे. बेसन, तीळ व खोबरे यांची मासवडी ही तर जुन्नर-आंबेगावची ओळखच. तिखट बेताचे ठेवल्यास ती वृद्धांनाही मानवते. भाकरी दुधात कुस्करून, भाजी बारीक चिरून व भातावर चमचाभर तेल वा तूप घालून द्यावे. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे चार-पाच वेळा द्यावे.

डिंभे धरणाच्या जलाशयातील मासळीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. घोड नदीवरील या धरणात ज्यांची भातखाचरे गेली त्या आदिवासींनी सहकारी संस्था स्थापन करून तेथे मासेमारी सुरू केली. या कामी साह्य करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेस २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार लाभला. जलाशयातील मासळीचा काही भाग बाजाराकडे न जाता गावातील वृद्धांच्या ताटातही पडावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. दुधाबाबतही हेच म्हणता येईल. संकलन केंद्रावर दूध घालताना पेलाभर दूध घरातील वृद्धासाठी मागे ठेवणे हे कोणत्याही योजनेविना होण्यासारखे आहे.

योजना आणि त्यांमधील पोकळी

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. उपासमारीविरुद्ध हे मोठेच कवच होय. परंतु हे धान्य प्रामुख्याने तांदूळ व गहू असते. डाळ, दूध, अंडी यांची तजवीज कुटुंबालाच करावी लागते. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी राज्यात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिचे अर्थसाहाय्य २०२३ साली दरमहा रु. १,५०० करण्यात आले. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांबरोबर कवळीही देण्याची तरतूद आहे. चावता न आल्याने उपाशी राहणाऱ्या माणसाला कवळी ही अन्नाइतकीच गरजेची आहे, हे पाहता या तरतुदीचा अधिक उपयोग करून घेतला पाहिजे. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमही आहे.

तमिळनाडूने तर १९८२ मध्ये विस्तारलेल्या माध्यान्ह भोजन योजनेत पुढच्याच वर्षी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनधारकांचा समावेश केला. शाळेच्या चुलीवर गावातील निराधार वृद्धाचेही जेवण शिजू शकते, हे त्या राज्याने दाखवून दिले.

धान्य, पैसा, दवाखाना असे दुवे आपल्याकडेही आहेत. परंतु कोणत्या वृद्धाला यांपैकी कशाची आणि केव्हा गरज आहे, हे वेळीच सांगणारा दुवा नाही. वजनाची नोंद हा तो दुवा होय.

ग्रामपंचायतीस काय करता येईल?

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. पोषण अभियानात अंगणवाड्यांसाठी जी साधने ठरविण्यात आली, त्यांत माता व बालक यांचा वजनकाटा आणि उंची मोजण्याची पट्टी यांचा समावेश आहे. जो काटा मातेचे वजन दाखवितो तो आजीचेही दाखवील. दर तीन महिन्यांनी एक दिवस ठरवून साठीपुढील सर्व ग्रामस्थांची वजने एकाच काट्यावर, शक्यतो एकाच वेळी, पायताण व घोंगडी उतरवून घ्यावीत. वर्षातील त्यांपैकी एक दिवस १ ऑक्टोबर हा ठेवता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार १९९१ पासून तो आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून पाळला जातो. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या पोटरीचा घेर घरी जाऊन मोजावा. ज्यांना गाठणे सर्वांत कठीण, त्यांनाच या नोंदीची गरज सर्वाधिक असते.

नोंदवही साधीच असावी. नाव, वय, एकटे राहतात काय, आजचे वजन, मागील वजन आणि फरक एवढे रकाने पुरेत. वीस किलोमागे एक किलो याहून अधिक घट दिसताच त्या नावापुढे खूण करून आशा कार्यकर्तीमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात, आवश्यक तर ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. तपासणीत रोग न आढळल्यास शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, कवळी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी काय अडले आहे ते पाहावे. ही नोंद खाजगी असते. ती फलकावर लावू नये किंवा चारचौघांत वाचू नये.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ साली घेतला आणि त्याच्या विनियोगाच्या बाबींत आरोग्याचाही अंतर्भाव आहे. ग्रामसभेने ठरविल्यास एकाकी वृद्धांसाठी बचत गटामार्फत दिवसातून एक गरम जेवण, निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत, सुरू करता येईल. या दिवसांत डोंगरातील वाटा बंद होतात, मजुरी नसते आणि कणगीतील धान्य तळाला गेलेले असते.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना शेकडेवारी शिकविताना आजी-आजोबांच्या वजनाचे उदाहरण घ्यावे. मागील वजन, आजचे वजन, घट किती टक्के, हे गणित मुलाने घरी जाऊन केले, तर पुस्तकातील धडा घराच्या उपयोगी पडेल आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या ताटाकडे लक्ष देणारा एक जागरूक डोळा निर्माण होईल. विज्ञानाच्या तासाला वाव आणि उंची यांची तुलना करता येईल.

बालकाच्या वजनाची नोंद घेण्याची सवय या खेड्यांनी गेल्या अर्धशतकात अंगी बाणविली. प्रारंभी मुलाला काट्यावर बसविणे अनेकांना अपशकुनी वाटत असे. आज वजन घ्यावयाचे राहिले तर आईच विचारणा करते. वृद्धांच्या बाबतीतही हे घडणे अशक्य नाही. ज्या हातांनी भातखाचरे बांधली, धरणांच्या भिंतींवर माती वाहिली आणि एका पिढीला वाढविले, त्या हातांवरील बांगडी सैल होत आहे हे गावाला वेळीच कळले पाहिजे. त्यासाठी अंगणवाडीच्या काट्यावरून मूल उतरल्यावर आजीलाही त्यावर उभे राहण्यास सांगावे आणि तो आकडा लिहून ठेवावा.